चित्रलेखाची खरी तारीख

पद्मा फेब्रुवारीच्या अखेरीस मुलाकडे आली ती तीन महिन्यांसाठी. ऑक्टोबर उजाडला तरी ती तिथेच होती. विमानं बंद, व्हिसा दोनदा वाढवलेला, पुण्यातल्या फ्लॅटची किल्ली शेजारणीकडे आणि गॅलरीतली तुळस बहुधा देवाघरी. त्यात यंदा अधिक महिना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो पद्माने सत्तरीत डोळ्यांनी पाहिला.

ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सला तसं तिचं वाईट चाललेलं नव्हतं. मुलगा मिहिर आणि सून नुपूर दिवसभर दोन वेगळ्या खोल्यांत बसून आपापल्या लॅपटॉपशी भांडत, आणि पद्मा तळ्याला फेऱ्या मारी. सात महिन्यांत तिला तळ्यावरचं एकेक बदक ओळखू यायला लागलं होतं, आणि बदकंही आपल्याला ओळखतात असा तिचा ठाम समज होता. पण बदकांशी माणूस बोलून बोलून किती बोलणार?

म्हणून तिने चित्रलेखाचा नंबर शोधून काढला. दोघी कऱ्हाडच्या. पहिलीपासून अकरावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. पुढे चित्रलेखाचं लग्न चारुदत्त नावाच्या डॉक्टरशी झालं आणि एकोणऐंशी साली तो तिला क्वीन्सलंडच्या पार आतल्या भागात, यालाबिन नावाच्या नऊशे वस्तीच्या गावात घेऊन आला. 'दोन वर्षं काढू, मग ब्रिस्बेनला जाऊ,' असं त्याचं म्हणणं होतं. ती दोन वर्षं अजून संपलेली नव्हती. डॉक्टर सहा वर्षांपूर्वी गेला, चित्रलेखा तिथेच राहिली. मधल्या काळात दिवाळीचे फोटो आणि रोजची गुलाबाची फुलं मोबाइलवर पाठवण्यापलीकडे दोघींचं काही उरलं नव्हतं. लॉकडाऊनने तेवढं एक भलं केलं. आठवड्यातून दोनदा तासतासभर फोन सुरू झाले, आणि एका फोनवर चित्रलेखा म्हणाली, "लाँग वीकेंडला ये की गं. माझं गाव बघायला ये."

माझं गाव! कृष्णाकाठी जन्मलेली बाई नकाशावर न दिसणाऱ्या ठिपक्याला माझं गाव म्हणते, याचं पद्माला थोडं वाईटच वाटलं. पण जायचं हे ठरलं.

"आई, आम्ही त्याच साइडला कॅम्पिंगला जातोय," मिहिर म्हणाला. "सॅटर्डेला तुला ड्रॉप करतो. मंडेला क्वीन्स बर्थडेची सुट्टी आहे, आफ्टरनूनला पिकअप करतो. नो वरीज."

पद्माने कॅलेंडरकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मधला रविवार म्हणजे चार ऑक्टोबर. चित्रलेखाचा वाढदिवस, आणि तोही सत्तरावा.

ही तारीख पद्माला विसरणं शक्यच नव्हतं. चित्रलेखा ऐन पितृपंधरवड्यात जन्मलेली, त्यामुळे घरात तिचा वाढदिवस कधी कोणी केला नाही. पितरं जेवायला येतात त्या दिवसांत पोरीला कसलं ओवाळायचं? तिसरीत असताना तिने ही तारीख पद्माला कानात सांगितली होती, आणि तेव्हापासून अकरावीपर्यंत दर चार ऑक्टोबरला पद्मा परकराच्या ओच्यातून गूळशेंगदाणे घेऊन जायची. मधल्या सुट्टीत दोघी शाळेच्या हौदामागे बसून ते खायच्या. तोच वाढदिवस.

आता पद्माचा एक स्वभाव सांगायला हवा. तिला कुणाचं काही गुपचूप चांगलं करायचं म्हटलं की ती आधी करते आणि नंतर चौकशी करते. तिने मिहिरला कामाला लावलं. त्याने यालाबिनच्या फेसबुक पेजवर घरी केक करून देणारी एक बाई शोधली, पैसे भरले आणि केकवर काय लिहायचं ते कळवलं: 'हॅपी बर्थडे चित्रा', आणि मधोमध सत्तरचा आकडा. रविवारी दुपारी तीनला गावच्या हॉलमध्ये सगळे चहाला जमतात हे चित्रलेखानेच फोनवर सांगितलेलं. केक तिथेच आणायला सांगितला.

"आई, तू तर प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला हवी होतीस," नुपूर म्हणाली. पद्मा आठवडाभर त्या वाक्यावर खूश होती.

शनिवारी पहाटे निघून, टुवूम्बाचा घाट चढून, मग तव्यासारखी सपाट जमीन तासन्‌तास कापत ते साडेदहाच्या सुमाराला यालाबिनला पोचले. एक रुंद रस्ता, एक पब, धान्याच्या कोठारांची उंच रांग आणि फाटकाशी चित्रलेखा. चार फूट दहा इंच उंची, त्यावर छत्रीएवढी हॅट, खाकी पँट आणि पायात पुरुषी बूट. पद्मा गाडीतून उतरून धावली तर बाईने आधी खिशातून सॅनिटायझर काढून तिच्या तळहातावर पचकन मारलं, स्वतःच्या हातावर मारलं आणि मगच मिठी मारली. मारली ती मात्र चांगली हाडं मोडेपर्यंत.

"जाड झालीस, पद्मे."

"आणि तू सुकलीस."

"सुकणारच. इथे पाऊस असतो कुठे? चल, बस गाडीत. चहा नंतर. माझ्या डब्यांची वेळ झाली."

मिहिर सामान व्हरांड्यात ठेवून निघून गेला आणि पद्मा पाच मिनिटांच्या आत एका जुनाट, उंच गाडीत बसलेली होती. चित्रलेखाच्या सीटवर दोन उश्या होत्या, एक बसायला आणि एक पाठीला. तरी तिला समोरचं दिसत होतं की ती सवयीने चालवत होती, हे पद्माला शेवटपर्यंत कळलं नाही.

डब्यांचं प्रकरण असं होतं. गावातल्या छोट्या हॉस्पिटलच्या किचनमधून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रविवार आणि सुट्ट्या सोडून रोज दुपारचं गरम जेवण जायचं. डबे पोचवणारे सगळे गावातलेच, बिनपगारी. चित्रलेखा त्यांतली एक. किचनच्या खिडकीत एक आडव्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई उभी होती. तिने अकरा डबे दिले, वहीत खूण केली आणि पद्माकडे पाहून खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"तुम्ही पद्मा. बरोबर?" ती म्हणाली. मग चित्रलेखाची पाठ वळल्याचं पाहून तिने डोळा मारला आणि हळूच म्हणाली, "मी ग्लेंडा. तुमचा केक माझ्या फ्रीजमध्ये आहे."

म्हणजे केकवाली हीच! पद्माने ओठावर बोट ठेवलं, ग्लेंडानेही ठेवलं. आपला बेत योग्य हातात आहे याचं पद्माला फार समाधान वाटलं. ते समाधान पहिल्या वळणापर्यंत टिकलं.

"ही ग्लेंडा किचन बघते आणि डब्यांची यादीही तीच ठेवते," गाडी वळवता वळवता चित्रलेखा सांगायला लागली. "भारी कडक. मार्चमध्ये वरून कागद आला, सत्तर पूर्ण झालेल्या कोणी डबे पोचवायचे नाहीत. आम्ही नऊजण होतो. हिने सगळ्यांची लायसन्सं मागवली आणि एका झटक्यात पाचजणांना घरी बसवलं. जॅक बिचारा रडला."

"मग तू?" पद्माने विचारलं.

"मी एकोणसत्तर." चित्रलेखा खुदकन हसली. "लायसन्स बघ माझं. एक जून एक्कावन्न. गुरुजींची कृपा. पुढच्या जूनपर्यंत मला कोण हात लावतंय!"

पद्माला घाम फुटला. एक जून! हे ती साफ विसरली होती. त्या काळी शाळेत नाव घालायचं म्हणजे बाप पोराला घेऊन हेडमास्तरांपुढे उभा राहायचा. जन्म कधीचा? 'गौरीगणपती होऊन गेले होते बघा,' एवढंच बापाला ठाऊक. हेडमास्तर वैतागून एक जून लिहून मोकळे. साल त्यांच्या मर्जीचं. बेचाळीस पोरांच्या वर्गात तीस पोरं एक जूनला जन्मलेली होती. शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टावरून लायसन्स. असा तो एक जून समुद्र ओलांडून यालाबिनपर्यंत आला होता आणि चित्रलेखाची फेरी राखून बसला होता. आणि पद्माने त्याच यादीवाल्या बाईच्या हातून केकवर 'सत्तर' लिहवून घेतलं होतं. तीन दिवस ती बाई ते वाचत होती.

"काय गं, गप्प का झालीस? गाडी लागली का?"

"नाही, नाही. चालव तू."

पहिलं दार कीथचं. चौऱ्याऐंशी वर्षांचा, पूर्वी मेंढ्यांची लोकर कातरायचा. दोन हॉर्न दिल्याशिवाय दार उघडत नसे. चित्रलेखाने डबा फाटकाजवळच्या खुर्चीवर ठेवला, दहा पावलं मागे आली आणि ओरडली, "पाय दाखव." कीथने मुकाट्याने पँट वर करून घोटा दाखवला. "सूज उतरलीय. मीठ कमी खा." पुढच्या घरी डोरीन. तिच्या बोटांत जोर नाही, म्हणून तिच्या डब्याचं झाकण चित्रलेखा आधीच सैल करून ठेवायची. एका घरी कुत्र्याला हाक मारायची, मालकाला नाही. कुत्रा आला की मालक येतो. डॉक्टरच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं ही बाई पुढच्या टेबलावर बसलेली. गावातल्या प्रत्येकाचं पोट आणि पाठ तिला पाठ. एकाही दारात तिने 'कसे आहात' असं मोघम विचारलं नाही. ज्याचं जे दुखतं तेच विचारलं.

सातव्या दारानंतर तिने गाडी झाडाखाली घेतली आणि थर्मासमधला चहा ओतला.

"चारुदत्त गेला ना, तेव्हा चार महिने मी दार उघडलं नाही, पद्मे. लोक यायचे, जेवण ठेवून जायचे. मी उठायचेच नाही. एक दिवस ही ग्लेंडा आली, गाडीची किल्ली माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, ड्रायव्हर आजारी पडलाय, अकरा माणसं उपाशी आहेत. खोटं बोलली गं. ड्रायव्हर तिच्या किचनमध्ये बसून चहा पीत होता." ती हसली. "पण त्या दिवसापासून मला साडेदहाला कुठेतरी पोचायचं असतं. एवढ्यावर उभी आहे मी."

आपण मैत्रिणीला भेट द्यायला आलो की तिचं सगळं काढून घ्यायला, हे तिला कळेना.

फेरी संपवून रिकाम्या पेट्या परत द्यायला त्या किचनपाशी आल्या. चित्रलेखा पेट्या धुवायला मागच्या नळावर गेली आणि पद्माने खिडकी गाठली. तिचं इंग्रजी बँकेत आणि विमानतळावर चालण्याइतपत होतं. हा प्रसंग दोन्हीपेक्षा अवघड होता. मनातल्या मनात दोनदा जुळवणी करून तिने सुरुवात केली: चित्राला दोन वाढदिवस आहेत. एक खरा, एक शाळेचा. शाळेचा खोटा आहे, पण सरकारी आहे. खरा खरा आहे, पण तो कुठेच लिहिलेला नाही. भारतात निम्मी माणसं एक जूनला जन्मतात. मी स्वतः एक जूनला जन्मले, म्हणजे जन्मले नाही. तेव्हा केकवरचा आकडा कृपा करून वाचू नये.

ग्लेंडाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हाताला लागलेलं पीठ ॲप्रनला पुसलं.

"सोमवारची सुट्टी कशाची आहे, माहीत आहे?" तिने विचारलं.

"राणीच्या वाढदिवसाची."

"राणीचा खरा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो. तिचे दोन चालतात, तर चित्राचेही चालतील." ती पुढे वाकली. "माझ्या यादीत लायसन्सवरची तारीख आहे. केक हा काही सरकारी कागद नाही. आकडा मी आज रात्रीच खरवडून टाकते. मला तर बाई काही माहीतच नाही."

पद्माला तिचे हात धरावेसे वाटले, पण मध्ये दीड मीटरचा नियम होता. ती नुसती तीनदा थँक यू म्हणाली.

रविवार उजाडला. चित्रलेखाने सकाळी उठून साजूक तुपातला शिरा केला. "असाच," ती म्हणाली, "तू आलीस म्हणून." वाटी पुढे ठेवताना तिने पद्माकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पद्माला कळलं ती कशाची वाट बघतेय. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण एकदा तोंड उघडलं की केक, ग्लेंडा, आकडा सगळं भडाभडा बाहेर पडेल, हे तिला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. तिने शिऱ्यात वेलदोडा छान उतरल्याचं सांगितलं. चित्रलेखा "हं" म्हणाली आणि भांडी घासायला लागली. त्यानंतर दुपारपर्यंत ती कढीपत्त्याच्या झाडाबद्दल आणि टाकीतल्या पाण्याबद्दल पुष्कळ बोलली. पद्माला ते ऐकताना चोरट्यासारखं झालं.

तीन वाजता हॉल. पत्र्याचं छप्पर, दारात नाव आणि फोन लिहायची वही, खुर्च्या एकमेकींपासून चार हात लांब मांडलेल्या. पंचवीसेक माणसं. कीथ इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळ बसला होता. रविवारचा चहा तो चुकवत नसे. सगळ्यांनी पद्माची विचारपूस केली, आणि प्रत्येकाने विचारलं की ती अडकून पडली त्याला आता किती महिने झाले. सात, ती सांगायची, आणि समोरचं माणूस मान हलवून तिला आणखी एक केळ्याच्या ब्रेडचा तुकडा द्यायचं. सात महिन्यांत पद्माशी एवढी माणसं बोलली नव्हती. बदकांची तिला जरासुद्धा आठवण आली नाही.

मग ग्लेंडा केक घेऊन आली. पांढऱ्या साखरेवर निळ्या अक्षरांत 'हॅपी बर्थडे चित्रा', आणि मधोमध साखर खरवडलेली जागा, ज्यावर घाईने एक फूल चिकटवलेलं. एकच मेणबत्ती. लोकांनी गाणं सुरू केलं. चित्रलेखा जागच्या जागी उभी राहिली. तिने केककडे पाहिलं, मग पद्माकडे.

गाणं संपल्यावर कीथने कपाळाला आठ्या घातल्या. "पण चित्रा, तुझा वाढदिवस जूनमध्ये झाला ना? डोरीनने खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक केले होते. मी चार खाल्ले."

हॉलभर जरा चुळबूळ झाली. ग्लेंडा तयारीत होती. "अरे, ही पद्मा जूनमध्ये येऊ शकली नाही, लॉकडाऊन होता ना. तिच्यातर्फे हा उशिराचा केक."

"येस, येस," पद्मा म्हणाली. "व्हेरी लेट केक."

सगळ्यांना ते पटलं. कीथने मान डोलावली. संकट टळलं होतं. पद्माने एवढा मोठा श्वास सोडला की मेणबत्ती विझते की काय असं तिलाच वाटलं. आता चित्रलेखाने सुरी चालवायची, की झालं.

चित्रलेखाने सुरी उचलली आणि परत खाली ठेवली.

"उशिराचा नाही," ती म्हणाली. "केक अगदी वेळेवर आलाय. जूनची तारीख आमच्या हेडमास्तरांनी लिहिलेली. मी जन्मले चार ऑक्टोबरला. आज."

"चित्रे," पद्मा मराठीत कळवळून म्हणाली, "गप्प बस. काप तो केक."

"किती वर्षं मग?" कीथने विचारलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

"सत्तर," चित्रलेखा म्हणाली. स्पष्ट आणि मोठ्यांदा, वर्गात हजेरी द्यायची तशी.

त्या हॉलमध्ये सत्तर या आकड्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. खिडकीजवळ बसलेल्या जॅकने हातातला कप खाली ठेवला. ग्लेंडा पुढे आली.

"मला हे ऐकायचं नव्हतं गं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "आता ऐकलं ते ऐकलं नाही, असं मला करता येत नाही. जॅकचं नाव मी काढलंय. सगळ्यांदेखत."

"माहीत आहे. काढ माझं."

ग्लेंडाने पर्समधून यादी काढली. घडी उलगडली, पेन शोधलं आणि एका नावावर आडवी रेघ मारली. पद्माला ती रेघ कागदावर ओढल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. तिला वाटलं, आत्ता मिहिरची गाडी यावी आणि आपल्याला इथून घेऊन जावी.

"म्हणजे मंगळवारी माझा डबा येणार नाही?" कीथ म्हणाला.

"येईल," ग्लेंडा म्हणाली. ती यादीला जोडलेला तो सरकारी कागद परत वाचायला लागली. वाचता वाचता तिचे डोळे बारीक झाले. "सत्तरीवरच्यांनी डबा हातात द्यायचा नाही. दारापर्यंत जायचं नाही. घरात पाऊल टाकायचं नाही." तिने कागद उलटून मागची बाजू पाहिली. "गाडी चालवायची नाही, असं मात्र यात कुठेच नाही."

"मग डबे कोण उतरवणार?" चित्रलेखाने विचारलं.

"मी. साडेदहाला मला किचनमधून सुटता येतं. तू काचा लावून चालवायचं, मी मागे बसायचं आणि खाली उतरायचं. पण माझे गुडघे कामातून गेलेत, तेव्हा गाडी फाटकाला चिकटवून उभी कर. आणि जॅक, रोज तूच चालव असं नाही, पण आठवड्यातले दोन दिवस तू घे."

जॅकने कप परत उचलला. "तीन," तो म्हणाला.

"दोन," चित्रलेखा म्हणाली, आणि लोक हसले. मग तिने एकदाचा केक कापला. ती हसत होती, पण पद्माने तिचा चेहरा पाहिला. आता कीथचा घोटा तिला गाडीच्या काचेतून बघावा लागणार होता, आणि डोरीनच्या झाकणाचं ग्लेंडाला सांगावं लागणार होतं. निम्मी फेरी गेलीच होती.

माणसं पांगल्यावर दोघी हॉलच्या मागच्या मोरीत कप धुवायला उभ्या राहिल्या. चित्रलेखा धुवत होती, पद्मा पुसत होती. पाचसहा कप पुसून होईपर्यंत पद्माने कळ काढली.

"अक्कल गहाण ठेवलीस का गं तू?" मग ती फुटलीच. "मी गाढवपणा केला, ठीक आहे. पण निस्तरला होता ना? त्या बाईने आकडा खरवडला, लोकांना पटलं, सगळं झालं होतं. नुसता केक कापायचा होता. तुझ्या एका शब्दाने गेलं सगळं. कोणी विचारलं होतं तुला?"

"कीथने विचारलं."

"कीथला जूनचंही चाललं असतं!"

चित्रलेखाने नळ बंद केला. हात तसेच ओले ठेवून ती मोरीला टेकली.

"सकाळी शिरा केला तेव्हा मला वाटलं, तू पण विसरलीस," ती म्हणाली. "मी म्हटलं, असू दे, सत्तर वर्षांत तारीख झिजणारच. आईला माहीत होती, ती गेली. दादाला माहीत होती, तो गेला. चारुदत्त दरवर्षी या दिवशी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवायचा, लोकांना वाटायचं डॉक्टर मासे पकडायला गेलाय. तो गेल्यापासून सहा वर्षं हा दिवस कोणी तोंडाने उच्चारला नव्हता. जूनमध्ये सगळं गाव माझ्यासाठी गाणं म्हणतं, मी हसून केक कापते. त्यांचं प्रेम खरं आहे गं, पण ते हेडमास्तरांनी कागदावर जन्माला घातलेल्या पोरीचा वाढदिवस करतात. माझा नाही."

पद्मा पुसलेलाच कप पुन्हा पुसत राहिली.

"माझी खरी तारीख आता जगात तुझ्या एकटीकडे उरलीय, पद्मे. ती तू इतक्या लांब घेऊन आलीस, आणि मी सगळ्यांदेखत 'हो, हो, उशिराचा केक' म्हणू? फेरीसाठी पुढच्या जूनपर्यंत कागदावर लहान राहायचं मी ठरवलंच होतं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण आज तू समोर असताना ते मला जमेना."

पद्माचे डोळे भरून आले. तिने ते कप पुसायच्या फडक्यानेच पुसले. एरवी दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिने चांगलंच झापलं असतं.

"पुढच्या वर्षी फोन करीन," ती म्हणाली. "तोवर पुण्यात असेन नाहीतर इथेच. पण चार तारखेला सकाळी करीन."

"त्यासाठी तुला जिवंत राहावं लागेल. दिवस कसले आहेत, बघतेस ना."

"राहते की," पद्मा म्हणाली, आणि पुढच्या कपासाठी हात पुढे केला. "नळ सोड. अजून चौदा आहेत."